बिनविस्तवाची पंगत

फार जुनी गोष्ट आहे. मुलांनो, ती तुमच्यासाठी आहे. आणि मुलं ऐकतात म्हणून दाराआड उभं राहून ऐकणाऱ्या मोठ्यांसाठी तर जरा जास्तच आहे.

एक डोंगर होता. त्याच्या तीन अंगांना तीन राज्यं होती. एक विटांचं, एक चुन्याचं आणि एक लोखंडाचं. डोंगराच्या माथ्याजवळ एक झरा होता. तो इतका भोळा, की तिन्ही राज्यांत सारखाच वाहायचा. कोणाची सीमा कुठे संपते, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

विटांच्या राज्यात विटा भाजायच्या भट्ट्या होत्या, चुन्याच्या राज्यात चुना भाजायच्या आणि लोखंडाच्या राज्यात लोखंड गाळायच्या. भट्टी म्हटली की लाकूड आलं, आणि लाकूड म्हटलं की डोंगर आला. झाडं दाट होती तोवर ढग डोंगरावर टेकायचे, पानापानांतून ठिबकायचे, आणि झरा ऐन उन्हाळ्यातही खळखळायचा. झाडं विरळ झाली तसे ढग न थांबताच पुढे जाऊ लागले. धुराने आभाळ मळलं, ऊन कडक झालं आणि झरा होळीच्या आधीच आटू लागला.

हे कोणाला ठाऊक नव्हतं असं समजू नका. सगळ्यांना ठाऊक होतं. राजांना ठाऊक होतं, दिवाणांना ठाऊक होतं, भट्टीत लाकूड सारणाऱ्यालाही ठाऊक होतं. खरा वैताग तोच होता.

म्हणून तिन्ही राज्यांनी दर वर्षी पौष महिन्यात डोंगराच्या माथ्यावर सभा भरवायची असं ठरवलं. पहिली सभा म्हणे झाडांच्या सावलीत भरली होती. मोठमोठी माणसं आली, त्यांच्या राहुट्या उभ्या राहिल्या, चुली पेटल्या, झाडं गेली. झाडांबरोबर सावली गेली, म्हणून मांडव आला. मांडवाला खांब लागले, खांबांसाठी आणखी झाडं गेली. डोंगर कसा वाचवावा याचा विचार करता करता माथ्यावर चांगलं ऐसपैस मैदान तयार झालं.

विटांच्या राज्यात, अगदी डोंगराच्या पायथ्याला, एक गाव होतं. तिथे सगुणा राहायची. शिकलेली होती, वाचायची, चार माणसांत बोलायचीही. तिला एक लेक होती, छबी. नुकती पाऊल टाकायला लागलेली. आई झाल्यापासून सगुणाला सगळ्याचीच काळजी वाटे. छबी शिंकली तरी काळजी, बराच वेळ शिंकली नाही तरी काळजी. त्यामुळे काळजी करण्यासारखी गोष्ट नेमकी कोणती, याबाबत तिचा स्वतःवर फारसा भरवसा उरला नव्हता.

पण त्या वर्षी राजाने दवंडी पिटवली, "यंदा झरा होळीआधी आटला, तर पायथ्याचं गाव उठवण्यात येईल. पाणी नाही तिथे माणसं ठेवता येणार नाहीत."

ही काळजी मात्र खरी निघाली. सगुणाला स्वतःचंच नवल वाटलं.

सभेला दर वर्षी जाणारे म्हातारे दूत गुडघे धरून बसले होते. दुसरं कोणी जायला तयार होईना. "तिथे होतं काय? जेवायचं आणि यायचं," असं जो तो म्हणू लागला. शेवटी गावाने सगुणाला पुढे केलं.

"महाराज, मला यातलं काय कळतंय?" ती म्हणाली.

"कळणारे पुष्कळ पाठवून झाले," राजा म्हणाला. "आता तू जा. आणि पंगत तेवढी नीट वाढ."

सगुणा छबीला कडेवर घेऊन डोंगर चढली.

आता पंगतीचं सांगायला हवं, कारण सभेचा सगळा मान पंगतीत होता. रोज एका राज्याने बाकीच्यांना जेवू घालायचं. आणि पंगतीचा मान कशात? चवीत नाही, पदार्थांत नाही, विस्तवात. ज्याच्या चुलींचा धूर उंच जाईल त्याचं राज्य मोठं, असा तिथला रिवाज होता.

पहिली पंगत चुन्याच्या राज्याची होती. पहाटेपासून कढया चढल्या होत्या. बासुंदी आटत होती, आटतच होती, आणि तिच्याखाली ओंडक्यामागून ओंडका जळत होता. चुन्याच्या राज्याचे दिवाण बोलायला उभे राहिले.

"हा डोंगर म्हणजे आपली आई आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा गळा दाटून आला. तो मायेने दाटला की धुराने, हे सगुणाला नीट कळलं नाही.

दिवाण खाली बसल्यावर तिने हळूच विचारलं, "दिवाणजी, मग भट्ट्या कधी विझवायच्या?"

"जेवताना कामाचं बोलू नये, मुली."

"मग जेवण झाल्यावर बोलू या?"

"जेवण झाल्यावर?" दिवाणांनी बासुंदीच्या वाडग्याकडे प्रेमाने पाहिलं. "एवढं जेवल्यावर कोणाला बोलवेल?"

दुसरी पंगत लोखंडाच्या राज्याची. पुरणपोळ्यांच्या चवडी लागल्या होत्या. शिवाय थंडीचे दिवस, म्हणून त्या राज्याच्या सेनापतींनी प्रत्येक पाहुण्याच्या पाठीशी एकेक धगधगती शेगडी ठेवली होती. मांडवात इतकं उकडायला लागलं, की वारा घालायला माणसं उभी करावी लागली.

त्या दिवशी मात्र कामाचं बोलणं निघालं.

"आधी चुनेवाल्यांनी विझवाव्यात," सेनापती म्हणाले. "सगळ्यात जास्त धूर त्यांचा."

"वा! आम्ही विझवायच्या, आणि आम्ही सोडलेलं लाकूड तुम्ही तोडायचं?" दिवाण म्हणाले. "आधी तुम्ही विझवा."

"म्हणजे आमचे कामगार उद्या तुमच्या भट्टीवर! आधी विटावाल्यांनी विझवाव्यात."

दोघांनी सगुणाकडे पाहिलं. सगुणाच्या मांडीवर छबी शेगडीकडे हात पुढे करून रडत होती, आणि तिला आवरता आवरता उत्तर द्यायचं राहून गेलं. तेवढ्यात पोळी वाढायला माणूस आला आणि विषय संपला.

सगुणा विचारात पडली. एवढी जाणती माणसं दर वर्षी इथे येतात. शेगडीला पाठ लावून लाकडाची चर्चा करतात. त्यांना हे दिसत नसेल असं कसं होईल? आपलीच झोप नीट होत नाही, म्हणून आपल्याला भलतंसलतं दिसत असावं.

तिसरी पंगत तिची होती. सकाळी ती छबीचं तोंड धुवायला झऱ्यावर गेली. झऱ्याच्या उगमाशी जांभळीची एक लहानशी राई उरली होती. माथ्यावर तेवढीच. आणि त्या राईत तिच्याच राज्याची माणसं कुऱ्हाडींना धार लावत बसली होती.

"अरे, हे काय चाललंय?"

"लाकूड लागणार ना, ताई. आज पंगत आपली."

"दुसरीकडचं तोडा की!"

"दुसरीकडे कुठे?" त्यांतल्या एकाने कुऱ्हाडीचा दांडा मैदानावरून फिरवला. सगळीकडे नुसती खोडं होती. "चुनेवाल्यांनी तिकडचं नेलं, लोखंडवाल्यांनी पलीकडचं. आपल्या वाट्याला हेच राहिलंय. म्हादबा आचारी म्हणाले, जिलेबीला आच चांगली लागते."

सगुणाने कुऱ्हाडी खाली ठेवायला लावल्या आणि ती तरातरा म्हादबा आचाऱ्याकडे गेली. राजवाड्यात हयात घालवलेला तो माणूस. पिठाचे हात कमरेवर ठेवून तिची वाट बघत होता.

"लाकूड मिळणार नाही, म्हादबा. बिनविस्तवाचं काय करता येईल?"

म्हादबाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बिनविस्तवाचं? बाई, ही पंगत आहे की एकादशी?"

"पोहे आहेत ना? दही आहे, गूळ आहे, काकड्या, केळी, खोबरं..."

"दहीपोहे?" म्हादबाचा आवाज चिरकला. "दोन राज्यांच्या पंक्तीला दहीपोहे? माझे वडील वरून बघत असतील, बाई!"

"त्यांना सांगा, बाई हट्टी होती, तिने ऐकलंच नाही. पोहे भिजत घाला."

दुपारी पानं मांडली गेली. पाहुणे येऊन बसले आणि सवयीने वर बघू लागले. आभाळ स्वच्छ होतं. धुराची एक रेघसुद्धा नव्हती.

"आचारी पळाला की काय हो?" सेनापतींनी विचारलं.

दिवाणांनी पोह्यांना बोट लावून पाहिलं. "गार आहेत."

"दहीपोहे गारच असतात, दिवाणजी."

"बरोबर आहे," दिवाण शेजाऱ्याला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "लेकुरवाळीला सभेला पाठवलं, की लेकराचं जेवण मिळायचंच!"

मांडव हसून हसून हलला. जेवत होती ती फक्त छबी. दोन्ही हातांनी.

सगुणाचे कान गरम झाले. तिला वाटलं, झालं, आपण राज्याची अब्रू घालवली. आता गुपचूप माफी मागावी, चार झाडं तोडावीत, जिलेबी तळावी आणि घरी जावं. घरी जावं, या शब्दाशी ती अडली. कोणत्या घरी?

ती उठली. "पोट भरलं नाही तर अजून वाढते," ती म्हणाली. "पण आज विस्तव पेटणार नाही. जाळायला आता त्या राईशिवाय काही उरलेलं नाही, आणि त्या राईखालून येणारं पाणी तुम्हीही पिता. इतक्या सभा झाल्या. आधी तुम्ही, आधी ते, आधी हे. आधी कोणी विझवायचं हे ठरवायला आपण दर वर्षी वर येऊन लाकूड जाळतो! मला खरंच कळत नाही, कोणीतरी समजावून सांगा. मी खाली जाऊन गावाला काय सांगू? गाव उठवा, पण बासुंदी छान झाली होती?"

मांडवातलं हसणं थांबलं. सगुणाला वाटलं, पटलं बहुतेक.

पटलं नव्हतं. सेनापतींनी पान पुढे सरकवलं. "पाहुण्यांना उपाशी ठेवायचं आणि वर शहाणपण शिकवायचं? यापुढे आमच्या राज्यात तुमची वीट येणार नाही."

"आणि आमचा चुना तुम्हाला मिळणार नाही," दिवाण म्हणाले. मग सेनापतींकडे वळून म्हणाले, "तुम्हालाही नाही. काल माझ्या धुराचं नाव काढलंत, ते मी विसरलेलो नाही."

"मग तुम्हाला आमचं लोखंड नाही!"

तिघे तीन वाटांनी खाली उतरले.

राजा भयंकर संतापला. "एक पंगत वाढायला पाठवलं होतं, तर तू तिन्ही राज्यांत भांडण लावून आलीस!" त्याने तिला दरबारातून घालवून दिलं आणि रागाच्या भरात आपल्याही राज्याच्या वेशी बंद केल्या.

आता गंमत बघा. वीट नुसती रचून घर होत नाही, जोडायला चुना लागतो. चुना नुसता फासून घर होत नाही, खाली वीट लागते. लोखंडाच्या भट्टीला आतून विटांचं अस्तर लागतं. आणि कुऱ्हाडी, कुदळी, फावडी लोखंडाशिवाय होत नाहीत. मग कोणाच्याच मालाला गिऱ्हाईक उरलं नाही. महिना संपायच्या आत तिन्ही राज्यांतल्या भट्ट्या एकामागोमाग एक थंड पडल्या. कोणी ठरवलं नव्हतं. कोणाची इच्छा तर मुळीच नव्हती.

गावात सगुणाला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "आली बघा दहीपोहेवाली!" त्या चुकीचं बोलत होत्या, असंही तिला म्हणता येईना. त्यांच्या घरची कमाई बसली होती. तिचा स्वतःचा नवराही भट्टीवरच कामाला होता. आता तो घरी बसून छबीला खेळवायचा आणि मधूनमधून उसासे टाकायचा. छबीला वाटलं हा खेळच आहे; तीही उसासे टाकायला शिकली. त्या दोघांचे उसासे ऐकत सगुणा मनात म्हणायची, गाव तर उठणारच होतं, मी त्याआधी उपाशीही ठेवलं.

होळी आली. राजाची माणसं गाव उठवायला गाड्या घेऊन आली. पाणवठ्यावर येऊन बघतात तो बायका घागरी भरत होत्या.

झरा वाहत होता. बारीक, करंगळीएवढा, पण वाहत होता. विटांची माती कालवायला त्या वर्षी कोणी पाणी उपसलं नव्हतं, चुना विझवायला कोणी वळवलं नव्हतं, आणि उगमावरची राई जागेवर होती. माणसं डोकं खाजवत रिकाम्या गाड्या घेऊन परत गेली.

एवढ्या सभांत जे झालं नाही ते झालं होतं. तिन्ही राज्यांनी एक गोष्ट एकाच वेळी केली होती. तिन्ही राज्यं रुसली होती.

पावसाळ्यात ढग माथ्यावर जरा रेंगाळले. माथ्यावरच्या खोडांना तांबूस फुटवे आले. पण त्याच पावसात तिन्ही राज्यांत काही घरांच्या भिंतीही खचल्या, आणि डागडुजीला कोणाकडे पुरतं सामान नव्हतं.

पुन्हा पौष आला. सभा नव्हती, बोलावणं नव्हतं. सगुणा छबीचा हात धरून राई बघायला वर गेली. तिथे दिवाण ओणवे होऊन एका फुटव्याची पानं मोजत होते.

तिला पाहून ते दचकले. "मी आपला सहज आलो. हवापालट."

एवढ्यात पलीकडच्या अंगाने सेनापती धापा टाकत वर आले. "सीमा तपासायला," कोणी न विचारताच त्यांनी सांगितलं.

तिघे झऱ्याकडे बघत उभे राहिले.

"वाहतोय," सेनापती म्हणाले.

"वाहणारच. आम्ही भट्ट्या विझवल्या ना," दिवाण म्हणाले.

"तुम्ही? आधी आमच्या विझल्या!"

"काय सांगता! तुमच्या विझल्या तेव्हा आमच्या राखेवर मांजरं झोपत होती!"

सगुणा मटकन एका खोडावर बसली. तिने कपाळ हातात धरलं. विझवत नव्हते तेव्हा आधी कोण म्हणून भांडत होते; आता विझल्या, तर आधी कोण म्हणून भांडतायत! शेजारी छबीने एक मोठा उसासा टाकला.

"बरं, ऐका," सगुणा म्हणाली. "आधी कोणी विझवल्या ते राहू दे. भिंती तुमच्याही पडल्यात, आमच्याही पडल्यात. भट्ट्या कधीतरी पेटवाव्या लागणार. तर आधी कोण पेटवणार, तेवढं सांगा."

दिवाणांनी सेनापतींकडे पाहिलं. सेनापतींनी झऱ्याकडे पाहिलं. जो आधी पेटवेल, त्यानेच झरा आटवला असं बाकीची दोन राज्यं जन्मभर म्हणत राहतील, हे दोघांनाही लख्ख दिसत होतं.

"आम्ही नाही," दिवाण म्हणाले.

"आम्ही तर नाहीच नाही," सेनापती म्हणाले.

"मग एकाच दिवशी पेटवा," सगुणा म्हणाली. "आणि विझवाही एकाच दिवशी. मधे जाळायचं ते वाळकं लाकूड, तेही तिघांत सारखं वाटून. ओल्या झाडाला कुऱ्हाड नाही. आणि सभा हवी तर भरवा, पण इथे चूल मांडायची नाही."

दोघांनी मान हलवली. नाइलाजाने, पण हलवली. मग करारावर आधी कोणाचं नाव घालायचं यावरून त्यांची जुंपली. छबी पेंगायला लागली होती, म्हणून सगुणा तिला खांद्यावर टाकून खाली निघाली. अर्ध्या वाटेपर्यंत त्यांचे आवाज ऐकू येत होते.

तीन राजांनीही अखेर मान डोलावली. नावांचं भांडण मात्र म्हणे त्यांच्या नातवंडांपर्यंत चाललं. पण भट्ट्या त्या वर्षी एकाच दिवशी पेटल्या आणि एकाच दिवशी विझल्या. पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही. एकमेकांवर विश्वास बसला म्हणून नव्हे हो. शेजाऱ्याच्या भट्टीतून आधी धूर निघतो का, हे बघायला प्रत्येक राज्याने टेकडीवर माणूस बसवला होता म्हणून. कोणत्या का कारणाने होईना, शब्द पाळला गेला. डोंगर हळूहळू पुन्हा हिरवा होत गेला, आणि झरा होळीच्या पुढे, मग चैत्राच्या पुढे, मग वैशाखातही वाहू लागला.

पायथ्याचं गाव उठलं नाही. सगुणाचे आभार कोणी मानले नाहीत. पाणवठ्यावर तिला दहीपोहेवालीच म्हणत राहिले. पण ते म्हणायला पाणवठ्यावर बायका होत्या, आणि पाणवठ्यात पाणी होतं.

या गोष्टीचं सांगणं एवढंच: पाणी सगळ्यांचं असेल, तर विस्तवही सगळ्यांनी एकाच वेळी आवरावा; 'आधी तुम्ही' म्हणत बसणाऱ्यांच्या वाट्याला शेवटी राखच येते.